मुक्काम आधी, वाट नंतर: कोयासान आणि कुमानोची पहिली यात्रा

जपानला जाणारी आपली मंडळी बहुधा तोक्यो, फुजी, क्योतो हा ठरलेला रस्ता धरतात. क्योतोची देवळं देखणी आहेत यात वाद नाही, पण तिथल्या गर्दीत देवापेक्षा सेल्फी-स्टिकच जास्त दिसते. देऊळ हा जिथे गावाच्या रोजच्या कामाचा भाग आहे ते जपान पाहायचं असेल, तर ओसाकाहून दक्षिणेला, 'की' नावाच्या डोंगराळ द्वीपकल्पात उतरा. तिथे कोयासान हा बौद्ध मठांचा डोंगर आहे आणि कुमानोच्या होंगू, हायातामा आणि नाची या तीन देवस्थानांकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा आहेत. त्या वाटांना कुमानो कोदो म्हणतात. २००४ साली हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

मी गेले ते आत्याला घेऊन. साठी ओलांडलेली, आळंदी ते पंढरपूर चाललेली, इंग्रजी जेमतेम आणि जपानी शून्य. तिला जमलं ते कुणालाही जमेल, या हिशेबाने पुढचा सहा दिवसांचा बेत लिहिते आहे.

आधी मुक्काम

आपल्याकडे वारीत 'निघू, कुठेतरी टेकू' असं चालतं. इथे चालत नाही. वाटेवरच्या गावांत मिन्शुकु, म्हणजे घरगुती मुक्कामाची घरं, मोजकीच असतात आणि एकेका घरात चार-पाच खोल्या. वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत ती कित्येक महिने आधीच भरतात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी मुक्कामांची साखळी जुळते का ते पाहा. या वाटांच्या तोंडाशी असलेल्या तानाबे शहराच्या पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजीतून घरं, डबा आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवण्याची सोय, सगळं एकत्र आरक्षित करता येतं. सामान पोचवण्याचे पैसे वाचवू नका. पाठीवर दहा किलो घेऊन चढताना ते पैसे आठवतात.

जेवणासह मुक्कामाला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात: एक रात्र, दोन जेवणं. तोच घ्या, कारण त्या गावांत संध्याकाळी उघडं हॉटेल सापडणं कठीण. जेवण सहाच्या आसपास असतं आणि चार-पाचपर्यंत पोचणं अपेक्षित असतं. उशीर होणार असेल तर फोन करायचा. नाहीतर घरमालकीण खरोखर काळजी करत बसते.

ऋतू निवडताना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा. जूनमध्ये पावसाळा लागतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळं येतात. हा भाग जपानमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी आहे. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा ही तिथली सुट्ट्यांची गर्दी, ती टाळा.

रोख पैसे बाळगा. बऱ्याच घरांत कार्ड चालत नाही. सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या किंवा पोस्टातल्या एटीएमवर आपली आंतरराष्ट्रीय कार्डं चालतात, पण डोंगरात शिरण्याआधी तानाबेतच पैसे काढून घ्या. हजाराच्या नोटा आणि चिल्लर वेगळी ठेवा.

शाकाहाराचं काय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर मांस येणार नाही, पण मासा येईल. मासा ताटात दिसला नाही तरी तो पाण्यात असतो. दाशी नावाचा जो सारभूत रस्सा जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी आहे, तो बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसापासून बनतो. मिसो सूप, उकडलेली भाजी, सोबा नूडल्सचं पाणी, सगळीकडे तोच. एका घरी मी आरक्षणात 'शाकाहारी' एवढंच लिहिलं होतं. समोर आलेलं सूप इतकं स्वच्छ, पारदर्शक की शंकाच येऊ नये. आत्याने एक घोट घेतला आणि वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. चूक माझीच होती.

तेव्हा आरक्षणातच लिहा: मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, कोम्बू या समुद्री वनस्पतीची दाशी चालेल. अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट करा. हाच मजकूर जपानीत लिहून कागदावर जवळ ठेवा. तोंडी सांगायचं तर 'निकु मो साकाना मो ताबेमासेन', मांसही खात नाही, मासाही नाही. आयत्या वेळी, दारात उभं राहून मात्र हे सांगू नका. घरमालकिणीने दुपारपासून स्वयंपाक केलेला असतो.

कोयासानला ही कटकट जवळजवळ नाही. मठात शोजिन र्‍योरी मिळते, म्हणजे साधकांचं जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. थंडीत गोठवून वाळवलेला कोया-दोफू (दोफू म्हणजे तोफू) आणि तिळाचा गोमा-दोफू हे तिथले खास पदार्थ. गाजर, मुळा, बटाटा मात्र असतात, त्यामुळे कंदमुळं न खाणाऱ्या जैन मंडळींनी आधी कळवावं.

पहिला दिवस: कोयासान

ओसाकातल्या नाम्बा स्थानकावरून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत साधारण दीड तास. शेवटचा टप्पा दरीतून, वळणावळणाने. तिथून पाच मिनिटांची केबल कार थेट चढवते. वरच्या स्थानकाहून गावापर्यंतचा रस्ता फक्त बसचा आहे, चालत जाता येत नाही.

कुकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, चांगआनमध्ये तंत्रमार्गी बौद्ध धर्म आणि संस्कृत शिकला, ८०६ मध्ये परतला आणि ८१६ साली हा डोंगर त्याला मठासाठी मिळाला. पुढे त्याला कोबो दाइशी ही पदवी मिळाली. आज इथे ११७ मठ-मंदिरं आहेत आणि त्यांपैकी पन्नासच्या आसपास यात्रेकरूंना राहायला ठेवतात. अशा मठ-मुक्कामाला शुकुबो म्हणतात. माणशी दहा-पंधरा हजार येनच्या पुढेच दर असतो, दोन जेवणं धरून.

दारात बूट काढायचे हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण पुढची पायरी आपल्याकडे नाही. बूट काढून घरातल्या सपाता घालायच्या, तातामीच्या चटईवर पाय ठेवण्याआधी त्याही काढायच्या, आणि संडासात जाताना तिथल्या वेगळ्या सपाता. त्या घालूनच बाहेर आलात तर सगळे हसू दाबतात. खोलीत घालायला युकाता, म्हणजे सुती झगा, ठेवलेला असतो. त्याची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलट फक्त मृतांना नेसवतात.

संध्याकाळी काही मठांत आजिकान हे ध्यान शिकवतात. समोर चित्र असतं: कमळ, त्यावर चंद्रबिंब, त्यात एक अक्षर. अक्षर सिद्धम लिपीतलं, म्हणजे आपल्या नागरीच्या नात्यातलं, आणि ते अक्षर आहे 'अ'. भिक्षू सगळ्यांना सांगत होता की हे सगळ्या ध्वनींचं मूळ आहे. आत्याला ते नव्याने सांगण्याची गरज नव्हती. पाटीवर पहिलं तेच गिरवलेलं होतं.

पहाटे सहा-साडेसहाला ओत्सुतोमे, म्हणजे सकाळची उपासना. उशिरा येऊ नका, फोटो काढू नका, मांडी घालून बसलात तरी चालतं. काही मठांत त्यानंतर गोमा होतो. गोमा म्हणजे होम, शब्दही तोच. लाकडाच्या समिधा, तूप नव्हे तर तेल, आणि ज्वाळांपलीकडे फुदो म्योओ, आपल्याकडच्या बौद्ध तंत्रग्रंथांतला अचल हा रक्षक देव. तिथे कुणी तुम्हाला 'तुमची श्रद्धा आहे का' विचारत नाही. बस, ऊठ, नमस्कार कर, धूप टाक, एवढंच सांगतात. या सगळ्या प्रवासात मला हेच सर्वांत आवडलं: कृती नीट करा, मनात काय आहे ते तुमचं तुमच्याकडे.

दुसरा दिवस: ओकुनोइन, मग समुद्राकडे

न्याहारीनंतर ओकुनोइनला जा. इचिनोहाशी पुलापासून कुकाईच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटर, उंच सुरूसारख्या सुगी वृक्षांखालून, आणि दुतर्फा दोन लाखांहून अधिक स्मारकं. सरदार आहेत, सामान्य माणसं आहेत, कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली आहेत. वाळवी मारणाऱ्या धंद्यातल्या लोकांनी वाळवीसाठी उभारलेलंही एक आहे. हसू येतं आणि मग येत नाही.

इथे एक गोष्ट ओळखायला शिका. बहुतेक जुनी स्मारकं पाच दगडांची उतरंड असतात. सगळ्यात खाली चौकोनी ठोकळा, त्यावर गोल, त्यावर छपरासारखा उतरता त्रिकोण, मग अर्धचंद्र, आणि टोकाला थेंबासारखा मणी. याला गोरिंतो म्हणतात. खालून वर ही पंचमहाभूतं: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक दगडावर सिद्धममध्ये एकेक अक्षर कोरलेलं असतं: अ, व, र, ह, ख. आकाशाला 'ख' का, हे खग आणि खगोल हे शब्द रोज वापरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही अर्धा तास एका शेवाळलेल्या दगडापुढे बसून ती अक्षरं बोटाने लावत होतो.

शेवटचा पूल गोब्योबाशी. त्याच्या अलीकडे थांबा, टोपी काढा, कॅमेरा पिशवीत ठेवा, नमस्कार करा आणि मग ओलांडा. पलीकडे छायाचित्रण, खाणंपिणं बंद. इथल्या श्रद्धेनुसार कुकाई ८३५ साली गेला नाही, समाधीत बसला, आणि अजून बसलेला आहे. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्याला जेवण जातं. भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन पूल ओलांडतात. साडेदहाची वेळ गाठा. पुलाजवळ नदीकाठी जिझो या बोधिसत्त्वाच्या मूर्ती ओळीने आहेत. लोक त्यांच्यावर पाणी घालून आपल्या मृतांची आठवण करतात. पाणी घालायला परकं असण्याचा प्रश्न येत नाही.

निघण्याआधी कोयासान विद्यापीठाच्या आवारात डोकवा. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचं अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. परदेशातल्या डोंगरावर तो कोट आणि तो चष्मा अचानक समोर आला की पाय थांबतात.

मग खाली उतरून हाशिमोतोमार्गे वाकायामा आणि तिथून कुरोशिओ गाडीने की-तानाबे, म्हणजे तानाबे शहराचं स्थानक. रात्री तिथेच राहा. पर्यटन कार्यालयातून नकाशा आणि शिक्क्यांची पुस्तिका घ्या. पुढच्या दोन दिवसांसाठी सुकामेवा, बिस्किटं घ्या.

तिसरा आणि चौथा दिवस: पायवाट

सकाळची बस धरून ताकिजिरी. साधारण चाळीस मिनिटं. गावाकडच्या बसमध्ये चढताना दाराशी एक यंत्र क्रमांकाची चिठ्ठी देतं. ती घ्यायचीच. चालकाच्या डोक्यावरच्या फलकात तुमच्या क्रमांकाखाली भाडं वाढत जातं, उतरताना चिठ्ठी आणि तेवढे सुटे पैसे पेटीत टाकायचे. मी पहिल्यांदा चिठ्ठी न घेताच बसले. चालकाने रागावण्याऐवजी बस थांबवून मला परत दाराशी जाऊन ती घ्यायला लावली. सगळी बस वाट पाहत बसली.

ताकिजिरीचं ओजी म्हणजे यात्रेची वेस. ओजी ही वाटेवरची छोटी देवस्थानं, जिथे जुने यात्रेकरू थांबून पूजा करत. प्रत्येकाजवळ छोट्या छपराची लाकडी पेटी असते. तिच्यातला शिक्का पुस्तिकेत मारायचा. इथून कुमानोला अकराव्या-बाराव्या शतकात निवृत्त सम्राट येत. गो-शिराकावा हा तर तिशीहून अधिक वेळा आला. पुढे सामान्यांचीही रीघ लागली, इतकी की 'मुंग्यांची कुमानो वारी' असा वाक्प्रचारच पडला.

ओजीच्या मागून लगेच चढण लागते, आणि ती पहिल्याच तासात दम काढते. मुळांच्या पायऱ्या, ओले दगड. काठी हवी. वाटेत एका खडकाला अंगाला घासून बाहेर पडण्याएवढी चीर आहे, तिला ताइनाइ-कुगुरी, गर्भातून जाणं, म्हणतात. अंगाने आडवं असाल तर बाजूने जा, पुण्य कमी होत नाही. चार किलोमीटरवर ताकाहारा. डोंगरउतारावर भातखाचरं, सकाळी दरीत धुकं. पहिला मुक्काम इथेच करा. एका दिवसात पुढे जाणारे लोक दिसतील, त्यांना जाऊ द्या.

चौथ्या दिवशी ताकाहाराहून चिकात्सुयूपर्यंत नऊ-दहा किलोमीटर. वाट चुकण्याची भीती नाही. दर पाचशे मीटरला क्रमांकाचा खांब आहे आणि चुकीच्या फाट्यावर 'ही कुमानो कोदो नाही' अशी पाटीच आहे. कचराकुंड्या मात्र नाहीत, चॉकलेटचा कागदसुद्धा खिशात घालून आणायचा. समोरून येणाऱ्याला 'कोन्निचिवा' म्हणायचं. शाळेची पोरंही म्हणतात.

पाचवा दिवस: होंगू

चिकात्सुयूहून होंगूपर्यंतचा पूर्ण टप्पा पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. सराव नसेल तर बसने होश्शिनमोन-ओजीला जा आणि शेवटचे सात किलोमीटर चाला. चहाचे मळे, वाड्या, मग रान. हाच पट्टा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण याच्यावर फुशिओगामी-ओजी आहे. इथून यात्रेकरूंना होंगूचं पहिलं दर्शन व्हायचं आणि ते लोटांगण घालायचे, म्हणून हे नाव. इझुमी शिकिबू ही हजार वर्षांपूर्वीची कवयित्री इथवर आली आणि तिची पाळी आली. आता देवासमोर जाता येणार नाही, अशी तिने कविता केली. आख्यायिका अशी की रात्री स्वप्नात कुमानोच्या देवाने कवितेतच उत्तर दिलं: मीही धुळीत मिसळलेलाच आहे, तुला कसली अडचण, ये. आत्याने ही गोष्ट मला दोनदा सांगायला लावली.

कुमानो पूर्वीपासून बायकांना खुलं होतं. कोयासानवर मात्र १८७२ पर्यंत अधिकृत बंदी होती आणि याच वारशातल्या ओमिने पर्वतरांगेत सांजोगाताके शिखरावर बायकांना आजही प्रवेश नाही. गटात स्त्रिया असतील तर तो बेत आखूच नका.

होंगू ताइशाला (ताइशा म्हणजे मोठं देवस्थान) पोचल्यावर रीत अशी. तोरीईपाशी, म्हणजे कमानीपाशी, वाकून नमस्कार. मधून नव्हे, कडेने चाला. मधली वाट देवाची. मग पाण्याची दगडी कुंडी. लांब दांड्याची पळी उजव्या हातात घेऊन एकदाच भरा. डावा हात धुवा, पळी बदलून उजवा धुवा, परत उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी ओता आणि त्याने चूळ भरा, डावा हात पुन्हा धुवा, शेवटी पळी उभी धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तीही धुतली जाईल. पळीला ओठ लावायचे नाहीत. हे सगळं एका पळीत बसवायचं, यातच कसब आहे. पंचपात्रीतून आचमन करणारा माणूस दुसऱ्या प्रयत्नात शिकतो.

देवापुढे नाणं टाका. पाच येनचं असेल तर उत्तम, कारण 'गो-एन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. दोनदा वाका, दोनदा टाळी, हात जोडून मनातलं बोला, एकदा वाका.

आजचं देऊळ टेकडीवर, १५८ पायऱ्या चढून आहे, पण मूळ जागा खाली नदीच्या बेटासारख्या वाळवंटात होती. १८८९ च्या पुराने ते बहुतांशी वाहून गेलं आणि उरलेलं वर हलवलं. त्या जुन्या जागेला ओयुनोहारा म्हणतात. तिथे २००० साली उभारलेली जवळपास ३४ मीटर उंचीची तोरीई आहे आणि तिच्या आत गवत, झाडं, शांतता. तिथे जाऊन बसा. बहुतेक लोक फक्त कमानीचा फोटो काढून परततात.

रात्री युनोमिने या गरम पाण्याच्या गावी. सार्वजनिक स्नानगृहात कपडे घालून उतरता येत नाही, पोहण्याचा पोशाखही नाही. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, मग कुंडात, छोटा पंचा डोक्यावर, पाण्यात बुडवायचा नाही. लाज वाटत असेल तर त्सुबोयू हा उपाय आहे. ओढ्याकाठची ही लाकडी खोपी अर्ध्या तासासाठी एका-दोघांना मिळते, दार लावून. जुने यात्रेकरू होंगूच्या दर्शनाआधी इथे शुद्ध होत. पाणी कढत असतं, पाय घालून सवय करा. गावातच कढत्या झऱ्यात जाळीत घालून रताळी उकडता येतात.

सहावा दिवस: नाची

बसने शिंगू, तिथल्या हायातामा ताइशाचं दर्शन, मग गाडीने कात्सुउरा आणि तिथून बसने दाइमोनझाकाच्या पायथ्याशी. शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांची ही सुमारे सहाशे मीटरची चढण, सुरुवातीला दोन प्रचंड सुगी वृक्ष, त्यांना नवरा-बायको म्हणतात. पाऊस असेल तर उतरताना कडेचा आधार घ्या.

वर नाची ताइशा आणि सेइगांतो-जी अगदी भिंतीला भिंत लावून आहेत. पहिलं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवधर्माचं, दुसरं बौद्ध. १८६८ नंतर सरकारने देव आणि बुद्ध वेगळे केले, त्याआधी इथे असा भेद कुणी करत नसे. तुम्हाला व्यवहारात एवढंच लक्षात ठेवायचं: पहिल्या ठिकाणी टाळ्या, दुसऱ्या ठिकाणी नुसते हात जोडायचे, टाळी नाही. सेइगांतो-जीची स्थापना भारतातून समुद्रमार्गे इथे लागलेल्या एका साधूने केली अशी कथा आहे. जपानी त्याला राग्यो शोनिन, उघडा साधू, म्हणतात. पश्चिम जपानमधल्या कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, तेहतीस देवळांच्या यात्रेतलं हे पहिलं देऊळ.

स्मरण म्हणून गोशुइन घ्यायचं असेल, म्हणजे शाईने लिहून लाल शिक्का मारलेलं पान, तर त्यासाठीची खास वही आधी विकत घ्या. साध्या डायरीत ते लिहून देत नाहीत. आणि ते दर्शनानंतर घ्यायचं, आधी नव्हे.

मग धबधब्याकडे उतरा. १३३ मीटरची एकच धार. खालच्या हिरो-जिंजाला गाभारा नाही, कारण धबधबा हाच देव. वर, धार सुटते तिथे ताणलेला जाडजूड दोर दिसतो, तो वर्षातून दोनदा बदलतात. तिथे मातीची छोटी वाटी विकत घेऊन झऱ्याचं पाणी पिता येतं, आयुष्य वाढतं म्हणतात. आत्याने वाटी घेतली, पाणी प्यायली आणि वाटी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली, कपड्यांच्या मध्ये. कात्सुउराच्या स्थानकाकडे परतणाऱ्या बसचं वेळापत्रक थांब्यावरच असतं. खाली उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, संध्याकाळी गाड्या लवकर संपतात.